टोपातला नाखवा

समोर काहीही आलं की तो आधी बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचा आणि कान लावायचा. कलिंगड, दार, टेम्पोचं टायर, लग्नाच्या हॉलचा खांब. एकदा माझ्या हेल्मेटवर केली, मी आत असताना. मग डोळे मिटून निकाल द्यायचा, "जित्ता हाय." नाहीतर, "मेलाय." हेल्मेटच्या बाबतीत तो बराच वेळ गप्प राहिला.

वागळे इस्टेटमध्ये आमचं ॲल्युमिनियमच्या भांड्यांचं वर्कशॉप. लग्नाकार्याचे टोप, कँटीनच्या डेगी. काही डेगी एवढ्या मोठ्या, की तळ घासायला उतरणारा माणूस जेवणाचा डबा सोबत नेई. हा आमचा माल टेम्पोने पोचवायचा. ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. बाप गेला, बापाची लाकडी होडी कुजून मोडली आणि ह्याने स्टिअरिंग धरलं. पण टेम्पो होडीसारखाच चालवायचा. वळायच्या आधी हात बाहेर काढायचा, तो मागच्यांना दाखवायला नव्हे, वारा बघायला. म्हणून आम्ही त्याला नाखवा म्हणायचो.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीशी ॲल्युमिनियमची एक मासेमारीची होडी पडून होती. कुणीतरी दुरुस्तीला टाकली आणि विसरून गेला. तिच्यात पिंपळ उगवलेला, कुत्रीची तीन बाळंतपणं झालेली, आणि साचलेल्या पाण्यातले डास इतके जुने, की आम्हाला चावताना ओळख दाखवायचे. शेवटी मालकांनी भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाला छिन्नी लावणार, तेवढ्यात नाखव्याने होडीवर टकटक केली. कान लावला. बराच वेळ लावला. मला तर वाटलं, झोपला.

"मिस्त्री, ही जित्ती हाय रं," तो मला म्हणाला, आणि भंगारवाल्याच्या अंगावर असा धावून गेला की तो बिचारा स्वतःचा तराजू टाकून पळाला. मालक म्हणाले, घेऊन जा बाबा तुझी तू.

ह्या वेडाचं कारण होतं नारळ. त्यांच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला ज्याची होडी, तो खाडीच्या मध्यावर जाऊन नारळ देतो. ज्याची होडी नाही, तो काठावरून फेकतो. बापाची होडी मोडल्यापासून नाखवा काठावर उभा राहायचा. आणि काठावरचा नारळ भरतीच्या पाण्यात तिथेच डुचमळतो, ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांत, चिखलात अडकून राहतो. दरवर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याला स्वतःचा नारळ दिसायचा. एका वर्षी तर तो ह्याच्या आधी घरी पोचला होता. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला उंबऱ्यावरची ओलसुद्धा दाखवली.

"खाडी माजा नारल घेत नाय," तो म्हणायचा. हसत म्हणायचा, पण नजर दुसरीकडे.

तर आम्ही कामाला लागलो. दुपारच्या सुट्टीत, पत्र्यावर पाऊस वाजत असताना. आधी होडी विटांवर चढवली, आत पाणी भरलं आणि बाहेरून कुठे कुठे थेंब धरतो ते खडूने खुणावलं. खुणा संपल्या तेव्हा खडूही संपला होता. मग खालून वाळूची पिशवी धरायची आणि वरून लाकडी हातोड्याने पोचे उठवायचे. ठोक मंद, एका लयीत. त्या लयीने आजूबाजूच्या तीन कारखान्यांतले कामगार झोपी जात. पोचे निघाले तशी होडीला चमक आली. ढगाळ उजेड तिच्या बुडावर दुधासारखा पसरायचा, आणि आम्ही दोघे हातातलं काम विसरून त्या दुधाकडे बघत बसायचो.

सांधे ठोकायची वेळ आली तेव्हा मी ॲल्युमिनियमच्या रिव्हेटी आणल्या. नाखव्याने चिंध्यांत गुंडाळलेलं एक जड गाठोडं सोडलं. तांब्याचे खिळे. बापाच्या होडीचे. लाकडी होडीला तांब्याचा खिळा म्हणजे मोठी इभ्रत. लाकूड कुजतं, तांबं राहतं. होडी मोडली तेव्हा त्याने एकेक उपसून ठेवलेला.

"नाखवा, हे नको," मी म्हटलं. "ॲल्युमिनियमचं आणि तांब्याचं खाऱ्या पाण्यात जमत नाही. भोवतालचा पत्रा पांढरी भुकटी होऊन गळून जाईल."

"कवा?"

"होडी कशीबशी दिवाळीपर्यंत काढेल. माझ्या रिव्हेटी लाव, आपण दोघे गेल्यावरही होडी तरंगत राहील."

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. कोळीवाड्यातल्या बायका त्यांना आधीच छळत होत्या, "काय गं, तुजा नवरा टोपात बसून मावरं धरनार, का तिथंच कालवन करनार?" वहिनींनी आमचं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अवो, एका दिसासाटी कोनी होरी करतं का?"

"लगीन पन एकाच दिसाचं असतं."

"आनि फुडची चाळीस वरसं कोन भोगतं? भावजी, तुमी तरी सांगा ह्यांना."

नाखव्याने एक खिळा तळहातावर घेतला. "मिस्त्री, नारल मी दिला तरी होरी बापाचीच पायजे," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्याच्या होरीत बसून देयाचा आस्ता, तर कवाच दिला आस्ता."

मग वहिनींनीच स्टोव्ह पेटवला. आम्ही खिळे तापवून, पाण्यात विझवून मऊ केले, कापले आणि ठोकले. आतून लोखंडाचा जड ठोकळा मी दाबून धरला होता, आणि दर ठोक्याला माझी एकेक दाढ जागा बदलत होती.

पौर्णिमेच्या सकाळी होडी टेम्पोवर पालथी घालून निघालो. नौपाड्यात लोक दुकानं सोडून बाहेर आले. एका आजींनी चांदीची पालखी समजून हात जोडले, आणि नाखव्याने टेम्पोतून आशीर्वाद दिला.

दुपारी भरती पुरी झाली. रंगीत होड्या, पताका, बँड, आणि त्यांच्यात आमचा टोप. काठावर हशा उसळला. वहिनी हिरवं लुगडं नेसून, नथ घालून ताठ बसल्या होत्या. मी पुढे, हातात पाणी उपसायचा डबा. मध्यावर आलो तेव्हा नाखव्याने वल्हं उचललं. बाकीच्यांनी नारळ देऊन होड्या फिरवल्या, हा थांबला. बँड लांब गेला. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं झालं होतं, होडीही त्याच रंगाची, त्यामुळे शपथेवर सांगतो, मला वाटलं, आम्ही तिघे कशावरच बसलेलो नाही.

मग ओहोटी लागली, पाणी खाडीच्या तोंडाकडे सरकायला लागलं. ह्याचीच तो वाट बघत होता. नारळ त्याने फेकला नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि सोडून दिला, निजलेलं मूल खाली ठेवावं तसा. नारळ क्षणभर होडीला बिलगून राहिला. मग तो निघाला, आणि दिसेनासा होईपर्यंत आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी नाखव्याने सगळा काठ पालथा घातला. वर्कशॉपात आला तो कमरेपर्यंत चिखल. मशीनं चालू होती, त्यांच्यावर ताण करून ओरडला, "नाय आला!" मालकांनी विचारलं, कोण नाही आला? आम्ही सांगितलं नाही.

थंडीत नाखवा झोपेतच गेला. होडीची तोवर मी म्हटल्यासारखी चाळण झाली होती. मी वहिनींना म्हटलं, पत्रा बदलून देतो. त्या म्हणाल्या, "कशाला?"

परवा गेलो तर होडी त्यांच्या दारात होती, मातीने भरलेली, आणि तिच्यात अळू माजलेलं. वहिनी बादलीने पाणी घालत होत्या. बुडातल्या भोकांतून बारीक धारा लागल्या होत्या, वाऱ्याने पानं एका बाजूला झुकली होती.

"जास्तीचं पानी ऱ्हात नाय बगा," त्या म्हणाल्या. "अळवाला अशीच होरी लागते."

आणि मला दोन पानं खुडून दिली.