लाल बटन आणि दालीचा ढीग

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये देवमन तायडे अठ्ठावीस वर्षांपासून वायरमन. मोटरचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा म्हणून त्याचं नाव होतं. ते नावही बरंचसं त्यानं स्वतःच करून घेतलेलं. त्यामुळे तूरदाल टाकीत नेणाऱ्या पट्ट्याचा वेग कमीजास्त करणारा नवा ड्राइव्ह आला, तेव्हा सोबतचं पुस्तक त्यानं न उघडताच कपाटावर टाकलं.

ड्राइव्हला एक स्विच होता. ‘लोकल’वर असला की मोटर पट्ट्याजवळच्या बटनांनी चालायची, ‘नेटवर्क’वर असला की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून. देवमननं दोन दिवसांत वायरिंग उरकलं, स्विच ‘नेटवर्क’वर फिरवला आणि ऑफिसातल्या ललिताताईला फोन लावला.

“कर वो बाई चालू!”

पट्टा चालला. देवमननं मिशीवरून हात फिरवला. थोड्या वेळात टाकी भरून दाल खाली सांडायला लागली, तसं त्यानं शेजारचं लाल बटन दाबलं. पट्टा चालूच. पुन्हा दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. दाल घोट्यापर्यंत आली. ललिताताईला फोन लावावा तर एंगेज, कारण तीही त्यालाच लावत होती. शेवटी चपला दालीत सोडून हा अनवाणीच आवारातून पळत सुटला.

“बंद कर! कवाचा बटन दाबून राहिलो, ते ऐकूनच नाही राहिलं!”

तिनं माऊस दाबला. मग हळूच विचारलं, “भाऊ, मेन स्विच काहून नाही पाडला?”

पट्ट्यापाशी मेन स्विच त्याच्या कोपराला लागूनच होता. “सुचलंच नाही,” तो म्हणाला. “पन्नाशीचा गधा हाओ मी.”

पुस्तक खाली आलं. ललिताताई वाचत गेली, तो मान खाली घालून ऐकत गेला. लाल बटनाची वायर त्यानं फक्त ‘लोकल’पुरती जोडली होती, ‘नेटवर्क’वर ड्राइव्ह त्या बटनाला विचारतच नव्हता. पट्ट्यात एखाद्या बाईचा पदर अडकला असता तर, हे मनात येताच तो पक्कड घेऊन उठला.

त्याच दुपारी त्यानं वायर बदलली. आता स्विच कुठंही असो, लाल बटन दाबलं की मोटर थांबणारच. ललिताताई ऑफिसातून चालू करी, तो पट्ट्याजवळून बंद करी. अकरा वेळा करून पाहिलं, बाराव्यांदा तिनंच फोन ठेवला.

मग झाडू घेऊन तो दाल गोळा करायला बसला. मजूर बायांनी विचारलं, तर त्यानं सगळं खरंखरं सांगितलं, पळतानाच्या नकलेसकट.