पितृपक्षातला ताबा

एकोणीस सप्टेंबर, सोमवार. काम: किल्ल्या वाटणे.

चिकलठाण्याच्या आमच्या नव्या सात मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये मी सकाळीच टेबल मांडून बसले. किल्ल्यांचे जुडगे, पेढ्यांचा बॉक्स, सही करायला दोन पेनं. दुपार झाली तेव्हा पेढ्यांवर माशा होत्या आणि किल्ल्या होत्या तशाच होत्या.

माझं काम लीजिंगचं. म्हणजे इमारत बांधून झाली की ती भाड्याने लावायची, करार करायचे आणि पुढे गळक्या नळापासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं बघायचं. ही घरं तर सोडत काढून दिलेली. सोडतीत नाव लागलं तेव्हा काही जण माझ्यासमोर रडले होते. आज तीच माणसं किल्ली घ्यायला येत नव्हती.

पहिली आली नसरीन. गुलमंडीत एका कापड दुकानात साड्यांना फॉल-पिको करते. तिने किल्ली घेतली, पेढा घेतला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

"बाकी के लोगां किधर हैं, मॅडम?"

"येतील."

"नै आते. पित्तरां के दिन चल रै ना तुमारे में. हमारी दुकान पे बी पंद्रा दिन मख्खी नै आती."

मी फोनवर पंचांग बघितलं. पितृपक्ष शनिवारीच लागला होता. संपणार तीस तारखेला, सर्वपित्री अमावस्येला.

इथे पैशांचं थोडं सांगावं लागेल. अशा इमारतीच्या बांधकामाचा काही वाटा पालिका उचलते. बदल्यात मालकाने ठरावीक वर्षं भाडं कामगाराला परवडेल इतकंच ठेवायचं. पालिकेचे पैसे हप्त्याने येतात. शेवटच्या हप्त्याला अट अशी की ठरलेल्या तारखेला निम्म्या घरांत माणसं राहत असलेली दिसली पाहिजेत. कुलूप लावलेलं घर मोजायचं नाही. अट रास्त आहे, कारण अनुदान घेऊन इमारत रिकामी ठेवणारेही असतात. तारीख हुकली की हप्ता जातो, आणि भाड्यावरची मर्यादाही उठते. मग सोडतीतल्या सगळ्यांना बाजारभाव. म्हणजे बहुतेकांना परत पत्र्याच्या खोल्या.

तारीख होती तीस सप्टेंबर. ती पालिकेने लादलेली नव्हती, आमच्या ऑफिसनेच मागून घेतली होती. आमचे मालक बाहेती सर. त्यांनी बांधकाम कधी संपेल ते बघितलं, तिमाही कधी संपते ते बघितलं. आम्हा सगळ्यांच्या घरी भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर आहे. पण पितृपक्ष ऑफिसात एकाच्याही डोक्यात आला नाही.

"तारीख वाढवून मागा," सर म्हणाले.

"मागितली. करारातली तारीख आहे, पालिकेच्याही हातात नाही."

"मग लोकांना जरा दमात घ्या."

"सर, तुमची मुलगी या दिवसांत नव्या घरात राहायला गेली असती?"

सरांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "तुम्ही बघा काय ते."

मी एकेकाला फोन लावले. कुणी वाईट बोललं नाही, तीच पंचाईत. "मॅडम, घर आमचंच हाय ना? मग घटस्थापनेला येतो की." एक जण म्हणाला, "मला काय नाय, पण आईला चालत नाय." आईला फोन द्यायला सांगितला. आई म्हणाली, "मला चालतंय हो, सून नाय म्हणती."

नमाज पढणारी घरं आली. पंचशील म्हणणारी घरं आली. त्यांनी दोन-तीन दिवसांत संसार लावले. निम्म्याला अजून बरीच घरं कमी होती.

एका संध्याकाळी काम आटोपून मी रस्त्यावरून वर बघितलं. मोजक्या खिडक्यांत दिवे, बाकी सगळा अंधार. मी घरी काही पाळत नाही. पण त्या अंधाऱ्या खिडक्यांपुढे मी उभी राहिले. ही माणसं वेगवेगळ्या गावांची, एकमेकांना न ओळखणारी. कुणी हुकूम काढला नव्हता. हक्काचं घर समोर तयार होतं, हातची खोली गळत होती, आणि तरी सगळी थांबली होती. माझ्या नोटिशीने आजवर चार माणसं एकदम हलली नव्हती.

अमावस्या तीन दिवसांवर आली आणि भामाबाई आल्या. हर्सूलला भाड्याने राहणाऱ्या, धनगराच्या. मागे मुलगा ज्ञानोबा, इथल्याच एका कारखान्यात फिटर. त्याचं तोंड पडलेलं.

"किल्ली दे गं बाई."

"आये, अमावस्या तरी होऊ दे," ज्ञानोबा म्हणाला.

"मालकानं एक तारखेपासनं खोली दुसऱ्याला दिली. अमावस्येला पित्तरं घालायची आन् रातीतून सामान काढायचं? दमानं जगू दे की मला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आमची मेंढरामागं फिरणारी माणसं. पित्तरं लागली म्हणून मेंढरं थांबत्यात व्हय? जिथं तीन दगडं मांडली तिथं पित्तर जेवली."

"पण घर नवं आहे. लोक म्हणतात..."

"नवं हाय म्हणूनच. पित्तर येत्यात कशाला? लेकरांचं कसं चाललंय ते बघाया. मग बघू द्या की. माझ्या सासऱ्यानं उभ्या जन्मात डोक्यावर स्लॅब नाय बघितला."

मी फोन पुढे केला. भाडेकरूंचा ग्रुप होता, त्यावर भामाबाईंना हेच बोलायला सांगितलं. त्या बोलल्या, फोन तोंडाला चिकटवून, रानात हाक मारल्यासारख्या. 

लगेच उत्तर आलं: आजी, आमचे गुरुजी नाही म्हणतात.

"त्यांना इचार," भामाबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडं ऱ्हायला येऊ का मग?"

बऱ्याच वेळाने एका बाईने मला विचारलं, गच्चीवर पान ठेवता येईल का?

गच्ची भाडेकरूंना बंद, हा नियम मीच केलेला. मी लिहिलं, येईल.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळपासून टेम्पो यायला लागले. गॅस, कुकर, अंथरुणं. तोरण कुणी बांधलं नाही, दूध कुणी उतू घालवलं नाही. ते घटस्थापनेसाठी राखून ठेवलं. आता फक्त पित्तरांचं जेवण. अमावस्येच्या सकाळी जिन्यात प्रत्येक मजल्यावर कढीला फोडणी बसत होती, वडे तळले जात होते. खीर उकळत होती. महिनाभर सिमेंटचा वास असलेल्या जिन्यात मला भूक लागली.

दुपारी सगळे पानं घेऊन गच्चीवर गेले. मी किल्ली घेऊन कठड्यापाशी उभी. नसरीन दारात दुसऱ्यांची पोरं धरून उभी, कुणी कडेला जाऊ नये म्हणून. लोकांनी पानं ठेवली आणि मागे सरकून उभे राहिले. हलक्या आवाजात नावं घेतली जात होती. भामाबाईंना सगळ्यांची नावं माहीत नव्हती. त्या म्हणाल्या, "जी कोण वाटेत ऱ्हायली ती समदी या."

कावळा नव्हता. वरून एक विमान धावपट्टीकडे उतरत गेलं. या इमारतीवर आजवर कुणी घास ठेवला नव्हता, इथे कावळा येईल कशाला? मी मनात हिशेब करत होते की लोक कंटाळून निघून गेले तर काय. कुणी निघालं नाही. 

मग एक आला. पाण्याच्या टाकीवर बसला, इकडे तिकडे मान वळवली. मग कारखान्यांच्या बाजूने दुसरे यायला लागले, एकामागून एक, आणि बघता बघता सगळा कठडा काळा झाला. ते खाली उतरले. ज्ञानोबाने हात जोडले.

त्याच वेळी पालिकेचे इंजिनीअर जोगदंड तपासणी करून वर आले. दारातच त्यांनी बूट काढले.

"गॅस पेटलेत, अंथरुणं आहेत. निम्म्याहून जास्त भरतात," ते हळूच म्हणाले. "पण मॅडम, उद्या ही माणसं निघून गेली तर?"

भामाबाईंनी ऐकलं. "पित्तरांना इथला पत्ता दिलाय साहेब. आता कुठं जातो?"

जोगदंडांनी तिथेच सही केली. ड्युटीवर असल्याने जेवणार नाही म्हणाले. खीर दोन वाट्या घेतली.

हप्ता आला. भाडं ठरलं तेवढंच राहिलं. ताबा कुठल्या दिवशी द्यायचा हे आता बाहेती सर मला विचारून ठरवतात, आणि मी भामाबाईंना विचारून सांगते.

घटस्थापनेच्या सकाळी खाली उरलेली घरं टेम्पोतून सामान उतरवत होती. मी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले. पावसाच्या पाइपांच्या तोंडात भात अडकला होता. तो वाळून बसला असता तर पहिल्याच सरीला गच्ची तुंबली असती. एका तोंडापाशी एक कावळा अजून खात होता. प्लंबर त्याला हुसकायला निघाला. मी म्हटलं, "राहू दे, आधी बाकीची तोंडं साफ कर."