हत्तीसोंडीला टाकी

जानेवारीतली सकाळ. नागपूरजवळच्या बेसाच्या पलीकडच्या तलावावर धुकं असं बसलेलं, की पाणी कुठं संपतं अन् म्हशी कुठं सुरू होतात ते कळू नये. त्या धुक्यात सिंधूताईची छिन्नी खटाखट वाजत होती.

साठी ओलांडलेली सिंधूताई पाट्यांना टाकी लावणारी. गुळगुळीत पाट्यावर छिन्नीनं खाचा पाडल्या की मिरची पुन्हा बारीक वाटली जाते. मिक्सरनं धंदा अर्धा खाल्ला, पण हात काही थांबायला तयार नव्हते.

तलावात घुसलेल्या काळ्या लांबोड्या खडकाला सगळे हत्तीसोंड म्हणत. नव्या ले-आउटचा रस्ता सरळ तिच्यावरून जाणार होता, म्हणजे सुरुंग आलाच. भूगर्भशास्त्राचे शरच्चंद्र सर सोंड वाचवायला दोन वर्षं अर्ज करत होते. सिंधूताईला त्यांच्या कोटी-कोटी वर्षांचं सोयरसुतक नव्हतं. ती तीस वर्षं तिथं धुणं आपटत होती, ती जागा तिला सोडायची नव्हती.

आज निकाल देणारे मोठे साहेब यायचे होते. सरांनी तिला फक्त प्लास्टिकच्या पन्न्या आणि तंबाखू-खर्र्याचा कचरा उचलायला सांगितलं होतं. पण साबणानं अन् शेवाळानं उतार लोण्यासारखा झालेला. साहेब आपटले तर कंबर चोळत रस्ता मंजूर करतील! म्हणून तिनं उजाडताच अख्ख्या उताराला टाकी लावली.

सर आले आणि गुडघ्यांवर बसून खाचा चाचपू लागले. "सिंधूताई, साडेसहा कोटी वर्षं याला कोणी हात लावला नव्हता हो!"

"मंग बोथट होईन नाही तं काय जी? इतके दिवस कोणी बिनटाकीचं ठेवते का?"

तेवढ्यात साहेब गाडीतून उतरले. वरूनच म्हणाले, "हा काळा दगड तर नागपुरात कुठंही सापडतो. जाऊ द्या रस्ता."

सर पिशवीतून अर्ज काढू लागले. सिंधूताईनं खालूनच हाक मारली. "वरून काय पाहून राहिले जी साहेब? खाली या. पडले तं मले बोला."

साहेब बिचकत उतार उतरले. पाय घसरला नाही. पाण्यालगत, टाकीनं शेवाळ सोलून निघालेल्या पांढुरक्या पट्ट्यात ते वाकले. "ही गोगलगाय आहे का?"

सर रांगतच पोचले. "दगड झालेला शंखच! एक लाव्हा थंडावला, वर तळं झालं, त्यात या गोगलगायी राहिल्या. मग पुन्हा लाव्हा आला. हा थर दोघांच्या मधला. दोन वर्षं मी हाच शोधत होतो."

साहेबांनी चार फोटो काढले अन् रस्ता वळवायला सांगितलं. जाता जाता म्हणाले, "सोंडेला तारेचं कुंपण घाला. छिन्नी बंद, धुणंही बंद."

"धुणं काहून बंद? वाचवली कोणं?"

साहेबांची गाडी निघून गेली होती. सर पोटावर पडून गोगलगायी मोजत होते.

सिंधूताईनं साहेबांच्या सात पिढ्या मनातल्या मनात धुऊन काढल्या. मग चादरींची बादली उचलली, बांध ओलांडून म्हशींच्या काठाला गेली, एका म्हशीला ढुंगणावर चापट मारून सरकवलं आणि पहिली चादर भिजवायला घातली.