प्रज्वल कॉम्प्युटर्सची घटमांडणी

आमच्या नांदुऱ्यात कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर आधी प्रज्वलला विचारावं आणि तो सांगेल त्याच्या बरोब्बर उलटं करावं, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालंय. स्टेशन रोडवर त्याचं दुकान आहे. हात असा की बंद पडलेलं मशीन त्याच्या टेबलावर आलं की सुरू होऊनच घरी जातं. पण या माणसाचा जीव आजच्या मशीनवर नाहीच, तो कायम पुढच्या वर्षीच्या मशीनवर जडलेला. कुठला प्रोसेसर किती कोअरचा येणार, साठवणीची कुठली एसएसडी आताच्या दुप्पट पळणार, टेबलावर मावेल एवढा सर्व्हर कधी निघणार, या बातम्या तो सकाळी दात घासताना ऐकतो. तोंडात फेस आणि डोळ्यांत चमक. गिऱ्हाईक दारात आलं की सुरू होतो, "थांब बे! आता घेशील तं पस्तावशील. लय मोठा माल येऊन राह्यला!"

गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जातं. कॉम्प्युटरच्या दुकानात बसून कॉम्प्युटर घेऊ नका म्हणून सांगणारा दुसरा महाभाग मी तरी पाहिला नाही. बरं, अंदाज तरी खरे ठरावेत! हार्ड डिस्क आता नामशेष होणार, असं तो लग्नाच्या आधीपासून सांगतोय. ती अजून त्याच्याच काउंटरवर विकली जाते.

त्याची बायको डिंपल ही माझी मैत्रीण. मी पार्लरमध्ये नवऱ्या नटवते, ती त्यांच्या लग्नाचं शूटिंग करून झकास सिनेमा बनवते. पण ज्या मशीनवर बनवायची ते प्रज्वलने उरल्यासुरल्या भागांतून जोडलेलं. वरमाला हवेत गेली की ते थिजायचं. नवरदेव मान वाकवून उभा, माळ अधांतरी, आणि डिंपल चहा करून, पिऊन, कप धुऊन आली तरी माळ तिथेच! सिनेमा उशिरा मिळतो म्हणून आमची गिऱ्हाइकं मलकापूरच्या स्टुडिओकडे वळायला लागली होती. पुढच्या लग्नसराईआधी दणकट वर्कस्टेशन आलं नाही तर डिंपलचा धंदा बसणार, हे मला दिसत होतं, तिला दिसत होतं. प्रज्वलला फक्त पुढचं वर्ष दिसत होतं.

अशात मागची अक्षय तृतीया आली. भेंडवळची घटमांडणी आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. शेतात रिंगण आखून त्यात धान्यं मांडतात, मधोमध पाण्याची घागर, वर पापड-करंजी. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. सकाळी कुठला दाणा जागचा हलला ते पाहून पीक, पाऊस आणि भाव यांचं भाकीत करतात. प्रज्वल म्हणाला, "कपाशीचा घट असते, तं कॉम्प्युटरचा काऊन नाही?"

आणि त्याने खरंच मांडला! दुकानाच्या गच्चीवर खडूचं रिंगण. त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, हार्ड डिस्क, रॅमची पट्टी. मध्ये घागरीऐवजी भंगारातल्या सर्व्हरचा डबा आणि त्यावर पापडाच्या जागी सीडी. मी हसून हसून जिन्यातच बसले. डिंपल मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

सकाळी टाकीतलं पाणी पाहायच्या निमित्ताने ती गच्चीवर गेली आणि रॅमची पट्टी उचलून रिंगणाबाहेर, पार टाकीपाशी ठेवून आली. तिचा विचार सरळ होता. रॅम रिंगणाबाहेर गेली म्हणजे हाताबाहेर गेली, म्हणजे तेजी येणार. नवरा घाबरून आजच माल मागवेल.

नवरा वर आला. पट्टी पाहून नाचलाच. "मांजर आलं होतं! मांजरानं कौल देल्ला! पाह्य, रॅम मोकळी सुटली. आता गल्लीबोळात लोळण घेते. मंदी येते, मंदी! डिंपल, तुह्या मशीनचं पुढच्या वर्षी पाहू."

डिंपल तणतणत माझ्या पार्लरमध्ये आली. "आता काय करू या माणसाचं?" मी म्हटलं, नवऱ्याला कशाला विचारतेस, दुकानदाराला विचार. पैसे तिच्या स्वतःच्या कमाईचे होते. मी उठले, प्रज्वलच्या दुकानात गेले आणि माझ्या डोणगावच्या मावसबहिणीच्या नावाने तगडं वर्कस्टेशन सांगितलं. त्याने मला तासभर अडवलं. मी काही बधले नाही. शेवटी त्याने माल मागवून ते मशीन जीव ओतून जोडलं, वायरी अशा बसवल्या जशी नवरीची वेणी, आणि सबंध वेळ हसत होता. "लय घाईची आहे बाप्पा तुही बहीण! थांबली असती तं अर्ध्यात भेटलं असतं."

ते मशीन डोणगावला कुठलं जातंय! माझ्या पार्लरच्या मागच्या खोलीत बसलं. डिंपल रोज 'मयुरीकडे गप्पा मारायला' यायला लागली. वरमाला आता सरळ गळ्यात पडायची. सिनेमे वेळेत जायला लागले, मलकापूरला गेलेली गिऱ्हाइकं परत आली. प्रज्वलला विचारलं तर ऐटीत म्हणायचा, "म्या पंखा साफ करून देल्ला ना तिच्या जुन्या मशीनचा!"

दिवाळी उलटली आणि रॅमचे भाव जे उसळले, ते थांबेनात. एआयवाल्यांच्या सर्व्हरांनी जगाची रॅम ओढून घेतली म्हणे. एसएसडीही मागोमाग निघाली. बाकीचे दुकानदार कपाळाला हात लावून बसले आणि आमचा प्रज्वल स्टेशन रोडवर पेढे वाटत सुटला! "घट खरा निघाला! रिंगणाबाहेर म्हणजे हाताबाहेर! वाचणारा चुकला, घट नाही चुकला!" आयुष्यात त्याचं काहीतरी पहिल्यांदाच खरं ठरलं होतं. त्याचा आनंद पाहून मलाही भरून आलं.

पेढे वाटत तो माझ्या दारात आला आणि एकदम थबकला. हातातला पेढा हातातच.

"मयुरी, डिंपलचं मशीन राह्यलं ना वं. ऐन लग्नसराईत ते जुनं बसलं तं? ते बिचारी एका शब्दानं बोलली नाही." त्याचे डोळे पाणावले. "तुह्या बहिणीले विचार, ते मशीन मले विकते का. म्हणशील तो भाव देतो. पण आज पाह्यजे. आत्ताच पाह्यजे."

आत्ताच! प्रज्वलच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी मागचं दार उघडलं.

डिंपल कामात होती. पडद्यावर वरमाला झर्रकन गळ्यात पडली. त्याने मशीन ओळखलं, वायरींची वेणी ओळखली, मग बायकोकडे पाहिलं. ती घाबरून उभी राहिली. तो खाली बसला आणि पोट धरून हसायलाच लागला, हसता हसता रडला, आणि हातातला पेढा त्याने तिच्या तोंडात कोंबला. "म्हंजे घट तू बरोबर वाचला होता! मी मालक, अन् कौल तुले समजला!"

पट्टी आपणच सरकवली, हे सांगायला डिंपलने तोंड उघडलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पेढा गिळून म्हणाली, "मांजर हुशार आहे आपल्या गच्चीवरचं."

यंदाच्या अक्षय तृतीयेला त्याने पुन्हा रिंगण आखलं. या वेळी कडेला मांजरासाठी दुधाची वाटीही ठेवली. "येईल ना वं ते?" त्याने काळजीने विचारलं.

"येईल की," डिंपल म्हणाली, आणि माझ्या कानाशी लागून कुजबुजली, "औंदा एसएसडी सरकवते. सिनेमे ठेवायले सर्व्हर पाह्यजे मले."