परत आलेली ओटी

आमच्या सासूबाई, मनकर्णाबाई. मुक्काम चाकूर. ह्या बाईचा जगात कशावर म्हणून भरवसा न्हाई. दूधवाल्याच्या मापावर न्हाई, डॉक्टरच्या गोळीवर न्हाई, नि माझ्यावर तर हळद लागल्यापासूनच न्हाई.

माझी नणंद वर्षाराणी मुंबईला असते. पहिलं लेकरू गेलं, आता परत सातवा लागलेला. बाळंतपणाला माहेरी येणार न्हाई, असा तिचा फोन आला नि सासूबाईंनी निकालच लावला. "जावयानं अडवलंय. पोरीच्या तोंडातून त्योच बोलतोय." लेकीला घेऊनच यायचं म्हणून मला सोबतीला ओढलं.

तिथं जावई आदिनाथराव वर्षाराणीला नि आम्हाला जुहूला फिरायला घेऊन गेले. झालं! "लईच गोड वागतोय. पोटात काळंबेरं हाय," सासूबाई माझ्या कानात. सगळी माणसं अनवाणी वाळूतून चालत होती. सासूबाईंनी चपला काढल्या न्हाईत. काढल्या की गेल्या म्हणे!

मग पिशवीतून खण, नारळ, तांदूळ निघाले. आम्ही गावाकडं मांजरा नदीची ओटी भरतो, तशी लेकीच्या सुखरूप सुटकेसाठी समुद्राची भरायची. नदीत सोडलेलं वाहून जातं. इथं लाटेनं नारळ सरळ पायाशी आणून टाकला. परत टाकला, परत आला. तिसऱ्यांदा खणबी आला, वाळूनं माखून. सासूबाईंचं तोंड उतरलं.

"भरती हाय मावशी," एक भेळवाला म्हणाला. "आता काहीबी टाका, माघारीच येणार."

"ह्याला कुणी पढवून ठेवलं?" सासूबाईंनी जावयाकडं रोखून बघितलं. "ओटी घेत न्हाई, म्हणजे कुणाच्या तरी मनात खोट हाय."

आदिनाथराव बिचारे खाली मान घालून उभे. तशी वर्षाराणी भडकली.

"बास कर, आई! त्येंनी न्हाई अडवलं. मीच येत न्हाई."

"का गं?"

"मागल्या खेपेला तुझ्याकडंच पहाटे कळा सुरू झाल्या. लातूरला न्यायला जीप दारात उभी होती. तू म्हणलीस, दुपारपर्यंत अमावस्या हाय, ती टळू दे, मग पोरीला बाहेर काढू. लेकरू पोटातच गेलं, आई. आता कोणत्या भरवशावर येऊ तुझ्याकडं?"

मी त्या दिवशी घरातच होते. सासूबाईंना काय बोलायचं, म्हणून मीबी तोंड शिवून बसले होते. अजून जीव जळतो माझा.

सासूबाई ओल्या वाळूत मटकन बसल्या. पाणी आलं, लुगडं भिजलं, तरी हलल्या न्हाईत. मग त्यांनी जावयाकडं बघितलं.

"जावईबापू, हिला कळा आल्या की तडक दवाखान्यात न्या. कुणी थांबा म्हणलं तर ऐकू नका. माझं तर बिलकुल ऐकू नका."