आभाळाच्या नावावर गेलेलं लोखंड

वयाच्या विसाव्या वर्षी मी आमच्या टेकाडात एक उडती तबकडी पुरली. कुदळ नाही, फावडं नाही, नुसत्या तोंडानं. रामनगरची सातवी पास मुलगी मी, लग्न होऊन गुंदजवळच्या वाडीत आलेली. ‘पुस्तकातलं मराठी बोलणारी सून’ म्हणून माझी कॉलर, म्हणजे पदर, सदा ताठ!

गेल्या महिन्यात माझे थोरले दीर, पुंडलिक भावजी, गेले. मी धारवाडला लेकीकडे होते, तिथं पुतण्याचा फोन आला. “काकी, अण्णा गेले गं. सकाळी पेज प्याले, कोयत्याला धार लावली, आन् भिंतीला टेकले ते टेकलेच.” रडू यायच्या आधी मला माझी ती तबकडी आठवली... आणि हसूच आलं. लेक घाबरून बघत राहिली.

भातशेती आणि रानातली मजुरी यातच भावजींचं आयुष्य गेलं. शाळेची पायरी चढले नाहीत. थोरल्या दिरानं आणि धाकट्या भावजयीनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी समोर ताकाचं भांडं घेऊन उभी असले तरी भावजी म्हणायचे, “आई, वाईच ताक वाढ म्हणावं.” मी पळी एकदा आपटली की ‘आणते’, दोनदा आपटली की ‘संपलं’. दोन वर्षं आमचं बोलणं असं पळीवर चाललं.

शेताच्या वरच्या अंगाला ते टेकाड. त्यावर काळे, जड, फेस येऊन थिजल्यासारखे दगड. म्हातारी माणसं सांगायची, पणज्याच्या काळात आभाळातून आगीचा गोळा आला, डोंगरावर फुटला, झाडं आडवी झाली, त्याचेच हे दगड. खंडेनवमीला घरातले सगळे कोयते तिथं मांडून फुलं वाहायची. का, हे कुणी विचारत नसे.

एक दिवस जीपमधून एक शहरी पाहुणा आला. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात होकायंत्र. परग्रहावरच्या लोकांनी फार पूर्वी इथं यंत्रं पुरून ठेवली आहेत, अशी त्याची खात्री. टेकाडावर सुई हलली, तर गडी नाचायचाच बाकी राहिला. भावजी रानात गेलेले. मग काय, मी पदर सावरला. “हो तर! अमावस्येला निळा उजेड दिसतो. जमिनीला कान लावला की आतून घरघर ऐकू येते.” घरघर मी ऐकली होती ती फक्त सासऱ्यांच्या घोरण्याची. पाहुणा सगळं वहीत उतरवत होता, आणि मला आपण केवढ्या विद्वान असं वाटत होतं. शेवटी वही मिटून तो म्हणाला, “उद्या माणसं आणतो. पूर्ण टेकाड खणून काढू.”

सासूबाई दारातून माझ्याकडंच बघायला लागल्या. कोयते मांडायची जागाच जाणार होती. आणि ‘मी थापा मारल्या’ म्हणायला माझं ते शुद्ध मराठी काही केल्या तोंडातून फुटेना.

भावजींना संध्याकाळी कळलं. सकाळी माणसं कुदळी घेऊन आली तेव्हा ते आधीच वर जाऊन उकिडवे बसले होते. सासूबाईंमागून पाण्याची कळशी घेऊन मीही पोचले. भावजींनी जमिनीतून एक भाजक्या मातीची नळी उकरून काढली. मनगटाएवढी जाड, टोक वितळून काळं झालेलं.

“सायेब, ही भात्याची नळी. आमच्या म्हाताऱ्यांनी हितं भट्टी लावून लोखंड काढलं. माझ्या आज्यानं बघितलंय. ह्ये काळे दगड म्हंजे त्या लोखंडाचा मळ.”

“तुमच्या पूर्वजांनी? या जंगलात? अशक्य. हे फार प्रगत तंत्रज्ञान आहे.”

“व्हय, हाय की परगत,” भावजी शांतपणे म्हणाले. मग नळी त्याच्या हातात दिली आणि त्याचा अंगठा धरून तिच्या अंगावरच्या एका खळग्यात ठेवला. माती ओली असताना कुणाचा तरी अंगठा तिथं रुतला होता. पाहुण्याचा अंगठा त्यात नीट बसला.

“आभाळातल्यास्नी बी अशीच बोटं व्हती काय वो, सायेब?”

मजूर खो खो हसले. पाहुणा हसला नाही. बराच वेळ त्यानं अंगठा तिथून काढला नाही... मग हळूच म्हणाला, “कुदळी गाडीत ठेवा.”

पुढं कितीतरी लोक टेकाड बघायला आले, कॉलेजची पोरं, मास्तर, आणि आता मोबाइलवर एलियन बघून येणारे. भावजी कुणाला हिणवत नसत. “आगीचा गोळा पडला बी असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पर लोखंड आमचं.” आपल्या घरचं कर्तृत्व आभाळाच्या नावावर लावायला निघालेल्या माणसांपुढं हा अंगठेबहाद्दर असा ताठ उभा राहायचा की आमचीच छाती फुगायची. त्यांच्या बाराव्याला जमलेल्या साऱ्या नातवंडांना मी वर नेलं, आणि घरात जपून ठेवलेल्या त्या नळीवरच्या खळग्यात एकेकाचा अंगठा ठेवला.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं. जीप गेली, सासूबाई पुढं निघाल्या, आणि पायवाटेवर भावजी थांबले. मी मान खाली घातली. आता आईच्या मार्फत शिव्या पोचणार, याची तयारी ठेवली. भावजी समोरच्या झाडाकडं बघत, रीत बाजूला ठेवून, पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले:

“पोरी, निळा उजेड झकास रचलास. आता हितनं फुडं येणाऱ्याला ह्ये टेकाड तूच दाखव. खोटं एवढं रंगवून सांगतीस, मग खरं किती सांगशील!”