आत्याआजीचा फोटो आणि तालमीची माती

मंडळी, अजून डोकं तापलंय, शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आज सकाळी आमच्या गावच्या तालमीत जुन्या पैलवानांचे फोटो लावायचे होते. मी आत्याआजीचा, म्हणजे आजोबांच्या सख्ख्या बहिणीचा फोटो घेऊन गेले. स्वातंत्र्याच्या आधी ती जत्राजत्रांतून इनामाच्या कुस्त्या खेळायची, त्यावरच तिचं पोट चालायचं. समोर बाई मिळायची नाही, म्हणून पुरुषांशीच खेळायची. म्हसा गावच्या जत्रेत तिने भलेभले चितपट केले. हरलेले "बाई म्हणून सोडली" असं सांगत घरी जायचे.

तालमीच्या दारातच वस्तादकाकांनी मला अडवलं.

"बाय, तू आत येव नको. बाईमाणसाचा फोटो पण आत नाय लावत. माती बाटते."

"काका, ही जागा कोणाची?"

अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तेव्हाच्या तालमीनेही आत्याआजीला दारातूनच हाकललं होतं. मग तिने आमच्या खळ्यात स्वतःचा आखाडा खणला. ताक, तेल, हळद घालून माती पायांनी मळली आणि तिथेच घडली. म्हातारपणी गावच्या पोरांना जागा हवी होती, तर आखाड्यासकट देऊन टाकली. हीच ती तालीम.

"ता खरा गो, पण रीत ती रीत," काका म्हणाले.

म्हणजे तिची माती चालते आणि तिच्या फोटोने ती बाटते.

फोटो मी घरी परत आणलाय. आता तुम्हीच सांगा, उद्या फावडं घेऊन माती पण आणायला जाऊ का?